नवऱ्यासोबतची पार्टनरशिप सोडतेय, रिटायरमेंट डीडवर सही करण्याआधी काय काय बघू?

अर्धवाटा:
नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, शेवटी आज लिहितेय. मी आणि नवरा, आमची दोघांचीच पार्टनरशिप फर्म आहे, पन्नास-पन्नास टक्के, रजिस्टर्ड. पुठ्ठ्याचे बॉक्स बनवतो. तेरा वर्षं झाली. तो मशीन आणि गिऱ्हाईक बघतो, मी बिलं, बँक, जीएसटी, कामगारांचे पगार हे सगळं. वर्षभरापासून आम्ही वेगळे राहतोय, भांडणतंटा असा नाही, सहमतीने घटस्फोट घ्यायचं ठरलंय. पण रोज सकाळी त्याच टेबलावर समोरासमोर बसणं आता मला होत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यालाही होत नाही.

तर त्याने रिटायरमेंट डीडचा, म्हणजे मी फर्ममधून बाहेर पडतेय अशा कराराचा, ड्राफ्ट बनवून आणलाय, चार पानी. तिसऱ्या पानावर असं आहे की निवृत्त होणाऱ्या भागीदारास तिचा संपूर्ण हिस्सा मिळाला असून तिची फर्मवर कोणतीही मागणी शिल्लक नाही. आणि आकड्याच्या जागी नुसती टिंबं. मी विचारलं तर म्हणाला आकडा सीए नंतर भरेल, तू सही करून ठेव म्हणजे एक काम मार्गी लागेल. त्याच्या मनात काही काळंबेरं असेल असं मला वाटत नाही, पण माझा हात काही पुढे होईना.

अजून दोन गोष्टी. सीसी लिमिटला, म्हणजे धंद्यासाठीच्या बँकेच्या फिरत्या कर्जाला, फर्मची भागीदार म्हणून माझी सही आहेच, वर वेगळी पर्सनल गॅरंटी पण आहे आणि माझ्या नावावरचा फ्लॅट, जो लग्नाआधी मी स्वतः घेतलेला, तो तारण आहे. आणि ड्राफ्टमध्ये असं पण आहे की पाच वर्षं मी या प्रकारचा धंदा कुठेही करायचा नाही. मला तर दुसरं काही येतच नाही हो. तेरा वर्षं हेच केलंय.

सही केली की मी मोकळी होते का? एवढंच विचारायचंय.

जमाखर्च_रोज:
ताई, सगळ्यात आधी एक गोष्ट, जी ड्राफ्ट बनवणाऱ्याच्या लक्षात आली नाही किंवा त्याने सांगितली नाही. दोनच पार्टनर असलेल्या फर्ममधून एक जण "रिटायर" होतो तेव्हा मागे एकटाच माणूस उरतो, आणि एकट्याची भागीदारी नसते. म्हणजे कागदावर नाव काहीही द्या, फर्म विसर्जितच होते. पुढे तो धंदा चालवेल तो प्रोप्रायटर म्हणजे एकटा मालक म्हणून, त्याच्या स्वतःच्या पॅनवर, जीएसटी नंबर नवीन, बँकेचं करंट अकाउंट नवीन, खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं जुन्या नंबरावर पडून राहिलेलं क्रेडिट नवीन नंबरावर न्यायला वेगळा फॉर्म, सगळंच नवीन. त्याला फर्म आहे तशी चालू ठेवायची असेल तर तुम्ही निघायच्या आधी त्याने तिसरा कुणीतरी पार्टनर म्हणून आत घ्यायला हवा, भाऊ बहीण कुणीही, आधी तो येईल मग तुम्ही जाल, त्याच डीडमध्ये दोन्ही करता येतं. हे त्याच्याही फायद्याचं आहे म्हणून त्याला शांतपणे सांगा, ऐकेल.

आता टिंबांबद्दल. आकडा न भरता सही करूच नका. आणि आकडा म्हणजे नुसता कॅपिटल अकाउंटचा बॅलन्स नव्हे. मी रोज हेच बघतो, बाहेर पडणाऱ्याला ताळेबंदातला भांडवलाचा आकडा दाखवतात आणि म्हणतात हा घे तुझा हिस्सा. पण ताळेबंदात मशीन घसारा वजा होऊन उरलेल्या किमतीला असतं, गाळा फर्मच्या नावावर असेल तर दहा-बारा वर्षांपूर्वीच्या खरेदी किमतीला असतो, आणि गुडविल, म्हणजे धंद्याच्या नावाची आणि बांधलेल्या गिऱ्हाइकांची किंमत, तर बहुतेक वेळा शून्यच असतं. फर्म विसर्जित होते तेव्हा हिशोबात गुडविलसुद्धा मालमत्ता म्हणून धरायचं असतं, तुमच्या आपसात वेगळं काही ठरलेलं नसेल तर, भागीदारी कायद्याचं कलम ५५ तसं म्हणतं. म्हणून तुमचं मूळ पार्टनरशिप डीड काढा आणि बाहेर पडणाऱ्याचा हिस्सा कसा काढायचा याचं काही कलम आहे का ते बघा. ते असेल तर तेच चालतं, नसेल तर आजच्या किमतीने मूल्यांकन मागा. येणी पण नीट बघा, एक वर्षाच्या वरची उधारी कोणती, त्यातली बुडीत किती, नाहीतर तुमच्या वाट्याला सगळी न येणारी उधारी यायची.

टॅक्सचं एक. २०२१ मध्ये आयकर कायद्यात बदल झाला, त्यानुसार बाहेर पडणाऱ्याला त्याच्या कॅपिटलपेक्षा जास्त रक्कम किंवा मालमत्ता दिली तर त्या जादा रकमेवरचा टॅक्स फर्मला लागतो, तुम्हाला नाही. पण मग तो म्हणू शकतो की हा टॅक्स तुझ्यामुळे आला म्हणून तुझ्या रकमेतून कापतो. ते आधीच लिहून घ्या, कुणी सोसायचा.

तिसरीखिडकी:
अर्धवाटा, मी यातून गेलेय म्हणून लिहितेय, वकील नाही.

आमचंही असंच होतं, फर्म दोघांची, त्याने एका रविवारी कागद आणला आणि मी सही केली कारण मला फक्त सुटायचं होतं. त्यानंतर चौदा महिन्यांनी बँकेचं पत्र आलं, लिमिट ओव्हरड्रॉन, गॅरंटर म्हणून पैसे भरा. मी डीड घेऊन ब्रँचला गेले, मॅनेजरने ते हातात पण घेतलं नाही, म्हणाले मॅडम हे तुमच्या दोघांतलं आहे, आमच्याकडे तुमची गॅरंटी आहे ती बघा. त्या दिवशी कळलं की मी नवऱ्याच्या धंद्यातून बाहेर पडले होते, पण बँकेच्या फाइलमधून बाहेर पडलेच नव्हते.

दुसरं म्हणजे चेकबुक. तुम्ही बँकेचं बघता ना, म्हणजे तुमच्याकडेही सह्या करून ठेवलेले कोरे चेक असतीलच. माझे होते, ड्रॉवरमध्ये, रबर बँड लावून, आठ की नऊ. सप्लायरला अचानक द्यायचे म्हणून मी गावाला जाताना सह्या करून ठेवायचे. निघताना माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यातला एक बाउन्स झाला आणि नोटीस माझ्या नावाने. पुढे मिटलं, पण ते चार महिने मी झोपले नाही नीट. तेव्हा आधी ड्रॉवर उघडा, चेक मोजा, नंबर लिहून काढा, जे सापडत नाहीत त्यांचं स्टॉप पेमेंट बँकेला लेखी द्या आणि पोच घ्या. शिक्का आणि कोरे लेटरहेड पण. आणि डिजिटल सिग्नेचरचा डोंगल कुणाकडे आहे? माझा सीएच्या ऑफिसात कपाटात पडला होता.

फोन नंबरही बदला सगळीकडून. जीएसटी पोर्टल, नेट बँकिंग, सगळ्यांचे ओटीपी माझ्याच मोबाइलवर येत राहिले वर्षभर, आणि तो फोन करून मागायचा आणि मी द्यायचे. ओटीपी दिला म्हणजे ते काम मीच केलं असा अर्थ होतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

काळाकोट_१२:
वरच्या दोघांनी नेमकं सांगितलंय. मी फॅमिली कोर्टात आणि सिव्हिलला काम करते, थोडं कायद्याच्या बाजूने लिहिते.

तुमचा प्रश्न होता सही केली की मी मोकळी का. नाही. भारतीय भागीदारी कायदा १९३२, कलम ३२ नीट वाचा. बाहेर पडायच्या आधीचं जे देणं आहे त्यातून तुम्ही सुटता ते फक्त देणेकऱ्याच्या संमतीने, म्हणजे बँक, राहिलेला भागीदार आणि तुम्ही असा तिघांत करार झाला तर. नवऱ्याने एकट्याने "सगळी देणी मी फेडीन" असं लिहून दिलं तर त्याचा उपयोग इतकाच की बँकेने तुमच्याकडून वसूल केलं तर तुम्ही त्याच्याकडून मागू शकता. बँकेला ते बांधील नाही. आणि बाहेर पडल्यानंतरच्या व्यवहारांचं काय, तर जाहीर नोटीस दिली जात नाही तोपर्यंत बाहेरच्या लोकांसाठी तुम्ही अजून भागीदारच. फर्म विसर्जित झाली तरी कलम ४५ मध्ये तसंच आहे. जाहीर नोटीस म्हणजे काय ते कलम ७२ मध्ये दिलंय, रजिस्टर्ड फर्म असेल तर रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे सूचना, शासकीय राजपत्रात प्रसिद्धी, आणि ज्या जिल्ह्यात धंदा आहे तिथल्या किमान एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात. ही नोटीस तुम्ही स्वतः देऊ शकता, त्याच्यावर अवलंबून राहायची गरज नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ बायकांनी हेच केलेलं नसतं, कारण तो म्हणाला मी बघतो.

जीएसटीचं वेगळं कळवायचं असतं. सीजीएसटी कायद्याचं कलम ९०, भागीदार बाहेर पडला की त्याने किंवा फर्मने लेखी कळवायचं, एक महिन्याच्या आत. नाही कळवलं तर कळवेपर्यंतच्या टॅक्सची जबाबदारी चालूच राहते. पत्र तुम्ही स्वतः द्या, पोच फाइलला लावा.

गॅरंटीबद्दल, करार कायदा १८७२ च्या कलम १३० प्रमाणे चालू गॅरंटी (एकाच कर्जापुरती नाही, तर पुढेही होत राहणाऱ्या व्यवहारांसाठी दिलेली) पुढच्या व्यवहारांपुरती कधीही नोटीस देऊन मागे घेता येते. मागच्या बाकीतून मात्र त्याने सुटका होत नाही. आणि बँकेच्या छापील फॉर्ममध्ये गॅरंटरने बरेचसे हक्क सोडलेले असतात, म्हणून आधी तुमच्या गॅरंटी डीडची कॉपी मागून घ्या आणि बारीक अक्षरं वाचा. नोटीस गेली की बँक लिमिट गोठवू शकते, मग धंद्याचा श्वास अडकतो, म्हणून हे चिडून करायचं काम नाही, त्याला वेळ देऊन, दुसरं तारण आणायला लावून करायचं. पण फ्लॅट सुटल्याचं बँकेचं पत्र आणि मूळ कागद हातात येईपर्यंत डीडवर सही नको. दोन्ही एकाच दिवशी, बँकेच्याच टेबलावर करा.

पाच वर्षांचं बंधन. भागीदारी कायद्याचं कलम ३६ उलट असं सांगतं की बाहेर पडलेला भागीदार तोच धंदा करू शकतो, जाहिरातही करू शकतो. फक्त फर्मचं नाव वापरायचं नाही, मी अजून तिथेच आहे असं भासवायचं नाही आणि जुनी गिऱ्हाइकं ओढायची नाहीत. तुम्ही सही करून बंधन मान्य केलं तर ते चालतं, पण ठराविक मुदत किंवा ठराविक भाग असा वाजवी असला तरच. "कुठेही" हे मला वाजवी वाटत नाही, पण ते सिद्ध करायला कोर्टात कशाला जायचं, आत्ताच खोडा. देणारच असाल तर त्याची वेगळी किंमत मागा, कारण तुमचं हातातलं काम ते विकत घेतायत.

आणि पैसे लगेच देता येत नसतील आणि धंदा मात्र चालू असेल तर त्याच कायद्याचं कलम ३७ लक्षात ठेवा. हिशोब पूर्ण होईपर्यंत तुमच्या हिश्श्यावर झालेल्या नफ्यातला वाटा किंवा सालाना ६ टक्के व्याज, दोन्हीतलं काय घ्यायचं ते तुम्ही ठरवायचं. डीडमध्ये उलट काही लिहिलं असेल तर मात्र हे जातं. हिशोब लांबवत बसू नका, विसर्जित फर्मच्या हिशोबाचा दावा ३ वर्षांत लावावा लागतो.

घटस्फोटाच्या कन्सेंट टर्म्समध्येही, म्हणजे सहमतीने कोर्टात दिलेल्या अटींमध्येही, फर्मचा विषय आणा, नवरा-बायकोमधला मालमत्तेचा वाद फॅमिली कोर्ट बघू शकतं. फक्त तुमच्या मूळ डीडमध्ये लवादाचं कलम असेल तर ते आधी मला किंवा तुमच्या वकिलांना दाखवा, नाहीतर एकाच गोष्टीसाठी दोन दारं ठोठवावी लागतील.

दुसरीबाजू:
मी नवऱ्याच्या जागी होतो म्हणून लिहितो. आमची फर्म नव्हती, प्रायव्हेट लिमिटेड होती, दोघंच डायरेक्टर, दोघंच शेअरहोल्डर, निम्मे निम्मे. बायको सोडून जायचं म्हणाली तेव्हा मला वाटलं राजीनामा दिला की झालं. सीएने सांगितलं राजीनामा आणि शेअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, डायरेक्टरपद सोडलं तरी शेअर तिच्याकडेच राहतात आणि निम्म्या कंपनीची ती मालकच. शिवाय प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन डायरेक्टर आणि दोन सभासद लागतात, ती गेली की माझी कंपनी लंगडी. राजीनामा कंपनीला मिळाल्याच्या तारखेपासून किंवा त्यात लिहिलेल्या तारखेपासून, जी नंतरची असेल तेव्हापासून लागू होतो, आणि रजिस्ट्रारकडे डीआयआर-१२ फॉर्म कंपनीने ३० दिवसांत भरायचा असतो. मी दोन महिने लावले. मुद्दाम नाही, आळस आणि राग दोन्ही. त्या दोन महिन्यांत ती सरकारी रेकॉर्डवर डायरेक्टरच दिसत होती, आणि तिने मला काही बोललं नाही, पण आज मला त्याचं वाईट वाटतं. तुमच्यापैकी कुणी डायरेक्टर असेल तर डीआयआर-११ आहे, तो राजीनामा देणारा स्वतः भरू शकतो, भराच.

शेअरची किंमत ठरेना म्हणून आम्ही अडकलो. दोघांचे निम्मे निम्मे म्हणजे कुठलाच ठराव पास होत नाही, बँकेत मँडेट (खातं कुणाच्या सहीने चालेल ते) बदलायचं तरी तिची सही, माझी सही. शेवटी दोघांनी मिळून किंमत ठरवणारा एकच व्हॅल्युअर नेमला, आधी लिहून दिलं की तो म्हणेल ते मान्य, आणि रक्कम सहा हप्त्यांत. तिच्या वकिलाने घातलेली अट अशी की शेवटचा हप्ता मिळेपर्यंत शेअर ट्रान्सफरचा फॉर्म तिसऱ्या माणसाकडे राहील. तेव्हा मला अपमान वाटला होता. आता वाटतं बरोबर होतं. अर्धवाटा, तुमच्या नवऱ्याकडे एकरकमी पैसे नसतील हे धरून चाला, तेरा वर्षांच्या धंद्यात पैसा कच्च्या मालात आणि उधारीत अडकलेला असतो. हप्ते घ्या, पण हप्ता चुकला तर काय हे लिहून घ्या.

बिननावाची:
माझं तर कुठल्याच कागदावर नाव नाहीये. दुकान त्याच्या एकट्याच्या नावावर, सोळा वर्षं मी गल्ल्यावर बसले, पगार कधी घेतला नाही. मला काही मिळतं का?

काळाकोट_१२:
बिननावाची, मालकीतला वाटा म्हणून नुसत्या कामावर मिळणं अवघड आहे, आपल्याकडे गोवा सोडलं तर लग्न झालं म्हणून धंदा आपोआप निम्मा होत नाही. पण रस्ता बंद नाही. कायमच्या पोटगीत, हिंदू विवाह कायदा कलम २५, त्याचं उत्पन्न आणि मालमत्ता दोन्ही बघतात आणि तुमची सोळा वर्षंही तिथे मांडता येतात. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्यामुळे दुकानाचे आकडे त्याला उघड करावे लागतील. तुमच्या हातची जुनी बिलं, सप्लायरशी तुमचे मेसेज, तुमच्या खात्यातून दुकानात गेलेली कुठलीही रक्कम, दागिने मोडून दिले असतील तर त्या पावत्या, सगळं आजच बाजूला काढा. स्त्रीधन दुकानात घातलं असेल तर तो वेगळा आणि पक्का मुद्दा आहे. मला वेगळा मेसेज करा.

अर्धवाटा:
सगळ्यांचे मनापासून आभार. तिसरीखिडकी, तुमचं वाचून मी त्याच रात्री युनिटवर गेले आणि ड्रॉवर उघडला. अकरा चेक होते सह्या केलेले. माझ्याच अक्षरात मागे तारीख पेन्सिलने. शिवाय त्यांच्या मधले तीन नंबर गायब, ते कुणाला दिले हे मला आठवत नाही आणि त्यालाही नाही. त्या तिघांचं स्टॉप पेमेंट दिलं, पोच घेतली, ड्रॉवरमधले अकरा त्याच्यासमोर फाडले. त्याने काही म्हटलं नाही, उलट स्वतःचेही आणून फाडले.

बँकेतून गॅरंटी डीडची कॉपी मिळाली, सतरा पानं. काळाकोट मॅडम म्हणाल्या तसंच आहे, नवव्या पानावर लिहिलंय की फर्मच्या रचनेत बदल झाला तरी गॅरंटी चालू राहील. ही सही माझीच आहे, वाचली नव्हती एवढंच.

नवऱ्याला तिसऱ्या पार्टनरचं सांगितलं, तो त्याच्या भावाला आत घ्यायला तयार आहे आणि भावाची जागा तारण द्यायचं बोलणं चालू आहे. गुडविलवर मात्र अडलंय. तो म्हणतो गिऱ्हाइकं माझ्यामुळे आहेत, म्हणजे गुडविल माझं. यावर काय बोलू?

जमाखर्च_रोज:
गिऱ्हाईक त्याने आणलं असेल, पण ते टिकलं ते वेळेवर बिल, वेळेवर माल आणि क्रेडिट नोटचा (परत आलेल्या मालाचे पैसे वजा करायच्या कागदाचा) वाद न होण्यामुळे, आणि ते टेबल तुमचं होतं. हे भावनेने सांगू नका, आकड्याने सांगा. गेल्या तीन वर्षांचा नफा घ्या, त्यातून दोघांचा बाजारभावाचा पगार वजा करा, जे उरतं ते फर्मचं कमावणं, ना त्याचं ना तुमचं. त्याच्या सरासरीच्या काही पट म्हणजे गुडविल, किती पट ते दोघांचा मिळून एक व्हॅल्युअर ठरवेल, दुसरीबाजूंनी केलं तसं. आणि पाच वर्षांची बंदी त्याला हवी असेल तर विचारा, गुडविल नुसतं तुझं असतं तर मला थांबवायची गरज काय होती?

तो भाऊ आत यायच्या आधी एक तारीख पकडा आणि त्या दिवशीचा स्टॉक दोघांनी मिळून मोजा, कागदाचे रोल, तयार बॉक्स, गमचे ड्रम सगळं, शीटवर दोघांच्या सह्या. नंतर मोजलेला स्टॉक कुणीच मानत नाही.

अर्धवाटा:
येत्या शनिवारी मशीन बंद ठेवून मोजणार आहोत. शीट मी बनवतेय.